ब्रेकचे 'ऑइल' हे तेल नाही

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाव, वीज आणि पीकविमा यांवर बोलून झाले. आता अर्धा तास आम्हाला दिला आहे आणि विषय ऐकून मागच्या रांगेतली मंडळी हसली. ब्रेकचे ऑइल! जिल्ह्याच्या बैठकीत हा काय विषय झाला? हसा, आमची हरकत नाही. पण आत येण्यापूर्वी आम्ही बाहेर लिंबाखाली उभ्या असलेल्या जीपा आणि पिकअप पाहत फिरलो आणि भेटेल त्या गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारला, 'ब्रेकचे ऑइल शेवटचे कधी बदलले?' इंजिनचे ऑइल कधी बदलले ते प्रत्येकाला तोंडपाठ. ब्रेकच्या ऑइलबद्दल बहुतेकांचे उत्तर एकच, 'ते बदलायचे असते का? कमी झाले की वरून टाकतो.'

आम्हीही सहा वर्षे हेच उत्तर देत होतो. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो, मग पाना कसा धरायचा ते.

आम्ही पाच घरांनी मिळून २०११ साली एक जुनी जीप घेतली. कापूस न्यायला, कडबा आणायला, अडल्यानडल्याला दवाखान्यात जायला. मे २०१७ मध्ये त्याच जीपमधून लग्नाचे वऱ्हाड घेऊन बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालो. मध्ये राजूर घाट. गाडीत अकरा माणसे, टपावर आहेराची भांडी. चालवायला आमच्यातल्याच एकाचा मुलगा, बावीस वर्षांचा. उतार लागला तशी त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, कारण उतारावर न्यूट्रल टाकले की डिझेल वाचते हे त्याला आम्हीच शिकवले होते. वळणावळणाला पाय ब्रेकवर. अर्धा घाट उतरलो आणि पोरगा ओरडला, 'ब्रेक नाही!' पेडल थेट फळीला टेकले होते. खाली काही आहे असे पायाला लागतच नव्हते. त्याने भराभर पंप मारले, कसाबसा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेऊन नालीत घातली. आमच्यातल्या एकाचा हात मोडला, एका आजीच्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या बाजूला दरी होती, एवढेच सांगतो.

खरी गोष्ट पुढे आहे. तासाभराने मिस्त्री आला. त्याने पेडल दाबून पाहिले तर ते कडक! नवीन गाडीसारखे. कुठे गळती नाही, पाइप फुटलेला नाही. मिस्त्री म्हणाला, 'ब्रेकात काहीच दोष नाही.' ब्रेकात दोष नाही म्हटल्यावर दोष कोणात उरला? गावात बोलणे सुरू झाले. कोणी म्हणे मोबाइल पाहत होता, कोणी म्हणे पाय चुकून क्लचवर पडला, कोणी म्हणे आदल्या रात्री वऱ्हाडात घेतली असेल. आम्ही पाच भागीदारांनीही ते ऐकून घेतले. कोणाला अडवले नाही. पोराचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दोन वर्षे त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही.

पुढे सैन्यातल्या वाहनदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्याकडे पाहुणे आले. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि एकच विचारले, 'गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप परत आले का?'

आम्ही म्हटले, 'आले.'

'मग पोराचा काही दोष नाही. तुमचे ऑइल उकळले.'

त्यांनी त्याच दिवशी एका चाकाचे निप्पल उघडून ऑइल बाटलीत काढून दाखवले. करपलेल्या चहासारखे काळे आणि तळाशी गाळ. जीप घेतल्यापासून आम्ही ते कधीच बदलले नव्हते, आधीच्या मालकाने बदलले होते की नाही देव जाणे.

आता हे उकळणे काय आहे ते समजून घेऊ. एकदा समजले की बाकीचे सगळे सोपे आहे.

तुम्ही पेडल दाबता तेव्हा बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे जातो आणि पाइपातल्या द्रवाला ढकलतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचतो आणि तिथले लायनर ड्रमवर किंवा डिस्कवर दाबले जातात. पण पाइपात हवा किंवा वाफ असेल तर ती दाबली जाते. पायाचा सगळा जोर तिला दाबण्यातच संपतो. गवंडी पातळी काढायला पाण्याची नळी धरतो तेव्हा नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी निघते, हे तुम्ही घर बांधताना पाहिले आहे. डिझेल इंजिनात डिझेल संपले की पाइपात हवा शिरते आणि मग कितीही हँडल मारा, इंजिन उठत नाही. बोल्ट ढिला करून फसफस थांबेपर्यंत हवा काढावी लागते. ते काम इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी रात्री बॅटरीच्या उजेडात विहिरीवर केले आहे. ब्रेकची हवा काढणे हे त्याचेच भावंड आहे.

मग हवा शिरली नसताना आमच्या पाइपात वाफ आली कुठून? पाण्यातून. आणि बंद पाइपात पाणी कुठून आले? इथेच नावाने आपला घात केला आहे. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नाही. ते ग्लायकोल जातीचे रसायन आहे आणि ते हवेतली ओल पिते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते तसे. डबीच्या झाकणातून आणि चाकाजवळच्या रबरी नळ्यांच्या अंगातूनही ओल हळूहळू आत जाते. गाडी चालवा की गोठ्याशेजारी उभी ठेवा, पिणे चालूच.

पूर्वी हा द्रव खरोखर तेलाचा होता बरे का. द्रवाने चालणारा ब्रेक अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी आणला, १९१७ च्या सुमाराला. त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण घालत. बांधावरच्या एरंडीने मोटारी थांबत होत्या! नाव तेव्हापासून चिकटले असेल तर नवल नाही, पण आजच्या बाटलीत एरंडेल नाही.

बाटलीवर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. डॉट हे अमेरिकेच्या परिवहन खात्याचे आद्याक्षर आहे, मानक त्यांचे आहे. त्या मानकाप्रमाणे कोरे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. आता त्यात शंभराला ३.७ भाग पाणी शिरले की हीच मर्यादा डॉट ३ ची १४० वर येते आणि डॉट ४ ची १५५ वर. हिशेब करा. गाडीत अर्धा लिटर द्रव धरला तर ३.७ टक्के म्हणजे चहाचे जेमतेम चार चमचे पाणी. चार चमच्यांनी पासष्ट ते पंच्याहत्तर अंश खाल्ले. भरलेली गाडी घाटात न्यूट्रलमध्ये उतरवली तर तिला धरून ठेवायचा सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम हात लावू नये इतके तापतात, ती उष्णता द्रवात उतरते आणि चार चमचे पाण्याची वाफ होते. थंड झाले की वाफेचे परत पाणी. पेडल कडक. मिस्त्री म्हणतो दोष नाही. आणि पोरगा गुन्हेगार ठरतो.

म्हणून बहुतेक गाड्यांना हा द्रव दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेला असतो, किलोमीटर कितीही झालेले असोत. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तकाचे ऐका. आम्ही एक आड एक दसरा धरला आहे. खंडेनवमीला तसेही गाडी धुऊन हार घालतो. पावसाळ्याची ओल पिऊन झालेली असते आणि कापूस जिनिंगला न्यायचे दिवस पुढे असतात.

आता नावाने केलेला दुसरा घात. आमच्या शेजारच्या गावात एकाने डबीतले ऑइल कमी झालेले पाहिले आणि घरात होते ते इंजिन ऑइल टाकले. ऑइल ते ऑइल! या ब्रेकची रबरे खनिज तेलाने फुगतात. चार दिवसांत त्याचे ब्रेक धरून बसले, सोडल्यावरही चाक सुटेना. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत झाडून सगळी रबरे आणि नळ्या बदलाव्या लागल्या. तेव्हा या द्रवाच्या वाटेला इंजिन ऑइल, ग्रीस, रॉकेल, डिझेल यातले काहीही येऊ देऊ नका. ज्या फडक्याने इंजिन पुसले त्याने डबीचे झाकणही पुसू नका.

कोणता द्रव घ्यायचा? डबीच्या झाकणावर लिहिलेले असते तो. डॉट ३ सांगितले असेल तिथे डॉट ४ चालते, उलटे करू नका. 'डॉट ५' नावाचा सिलिकॉनचा प्रकार पूर्ण वेगळा आहे, तो यात मिसळायचा नाही. 'डॉट ५.१' हा मात्र ग्लायकोलच्याच घरातला. एक लिटर आणले की जीपला किंवा लहान गाडीला पुरते. सीलबंद बाटलीच घ्या. गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली माळ्यावर असेल तर तिनेही ओल पिऊन ठेवली आहे, ती वापरू नका.

आता काम. दोन माणसे लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. आमच्या घरी पेडलवर लेक बसते, तिचा पाय स्थिर आहे आणि ती सांगितल्याशिवाय सोडत नाही. उतावळ्या माणसाला पेडलवर बसवू नका.

सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून दगड. जीप-पिकअप उंच असते, चाक न काढताही हात पोहोचतो. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, अॅक्सलखाली मजबूत स्टँड द्या. पिकअपवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. पुष्कळ पिकअपना मागच्या अॅक्सलवर भाराप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. मागची चाके लोंबकळत ठेवली की त्याला वाटते गाडी रिकामी आहे आणि तो मागे द्रव नीट जाऊ देत नाही. म्हणून भार अॅक्सलवरच असू द्या.

प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या पाइपाशेजारी एक लहान निप्पल असते, वर रबरी टोपी. आदल्या संध्याकाळी तिथली माती घासून गंज सोडवणारा फवारा मारून ठेवा. त्याला रिंग पानाच लावा, फिक्स पान्याने कोपरे झिजतात. जोर करूनही हलले नाही तर तिथेच थांबा आणि मिस्त्रीकडे जा. निप्पल तुटले तर दहा मिनिटांचे काम चार दिवसांवर जाते. आमचे एक तुटले आहे, म्हणून सांगतो.

आधी वरच्या डबीतला जुना द्रव सुई काढलेल्या स्वच्छ सिरिंजने ओढून घ्या आणि नवा भरा. डबी पूर्ण कोरडी होऊ द्यायची नाही, आणि पुढचे सगळे काम होईपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवायचे. पाच-सहा वेळा पेडल दाबून झाले की पातळी पाहायची. डबी रिकामी झाली की वरून हवा ओढली जाते आणि केलेले सगळे पाण्यात.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून बहुतेक गाड्यांत आधी मागचे डावे, मग मागचे उजवे, मग पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. काही मोटारींत क्रम वेगळा असतो, तो पुस्तकात पाहा. निप्पलवर पारदर्शक नळी घट्ट बसवा, गवंड्याच्या पातळीच्या नळीतली बारीक जातीची चालते. दुसरे टोक बाटलीत, तळाशी थोडा नवा द्रव घालून त्यात बुडवलेले, म्हणजे उलटी हवा जाणार नाही.

मग बोलणे असे चालते:

'दाब माय.'

'दाबले.'

'धरून ठेव.'

आता चाकाशी बसलेला निप्पल पाव फेरा सोडतो. काळे पाणी नळीतून येते, पेडल हळूहळू खाली जाते.

'गेले खाली.'

'सोडू नको.' निप्पल बंद. 'आता सोड.'

एवढेच. पण या क्रमात चूक नको. निप्पल उघडे असताना पेडल सोडले तर हवा आत जाते. जुन्या गाडीत पेडलखाली एक लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात दट्ट्या जिथवर जात नाही त्या भागात गंज असतो, पेडल फळीपर्यंत दाबले तर रबर त्यावर घासून फाटते. काळे जाऊन फिकट पिवळे येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत हेच करत राहायचे. मागच्या चाकाला वेळ लागतो, पाइप लांब असतो. कंटाळून मध्येच सोडू नका.

चारही झाले की निप्पल बेताने आवळा, टोप्या बसवा, डबी वरच्या खुणेपर्यंत भरा. पेडल एक मिनिटभर जोराने दाबून धरा. हळूहळू बुडत गेले तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे, ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. स्पंजासारखे लागले तर हवा राहिली आहे, पुन्हा करा. ब्रेकला बूस्टर असेल तर इंजिन सुरू केल्यावर पेडल थोडे खाली सरकते, ते बरोबर आहे. मग शेतरस्त्यावर माणूस चालतो त्या वेगाने पाच-सहा वेळा ब्रेक मारून पाहा, त्यानंतर डांबरी.

सांडलेला द्रव रंग खातो, लगेच पाण्याने धुवा. पोटात गेला तर विष आहे. म्हणून काढलेला द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. घरात लेकरे असतात. बांधावर, विहिरीपाशी ओतू नका. जुने इंजिन ऑइल घेणाऱ्या गॅरेजात द्या, पण वेगळ्या डब्यात. ड्रम उघडलाच तर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असते.

हे सगळ्यांनी करावे असे आम्ही म्हणत नाही. एबीएस असलेल्या गाडीत, आणि २०१९ नंतरच्या नव्या मोटारींत ते असतेच, डबी भरलेली ठेवून नुसता द्रव बदलता येतो. पण आत हवा शिरली तर ती काढायला अनेकदा यंत्र लावावे लागते. ती गाडी जाणकाराकडेच न्या. बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक दांड्यांनी ओढले जातात, त्यांना हे काही लागू नाही. त्यांच्याबाबत एकच, रस्त्यावर येताना दोन्ही पेडले जोडून घ्या. मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये मात्र हाच द्रव असतो, तिथेही दोन वर्षांचा नियम. स्वतः काम करायचे नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभे राहा. 'बदलले' म्हणून डबीतले वरचे तेवढे बदललेले आम्ही पाहिले आहे. चाकापाशी, जिथे उकळते, तिथे जुनेच राहते.

आणि ते न्यूट्रल. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलेटरवरून काढला की इंजिनला डिझेल जाणेच बंद होते, न्यूट्रलमध्ये मात्र ते सुरू ठेवायला डिझेल जळत राहते. म्हणजे वाचवायला गेलो तेच घालवत होतो. जुन्या पंपाच्या जीपेत वाचलेही असेल चमचाभर. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा. चावी बंद करून उतरणारे तर आणखी शहाणे. एक-दोनदा दाबले की बूस्टरची ओढ संपते आणि पेडल दगड होते.

त्या पाहुण्यांनी सांगितल्यावर आम्ही पाचही जण त्या पोराच्या घरी गेलो. काळ्या ऑइलची बाटली बरोबर नेली होती. त्याच्या आईने ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, 'हे आधी का नाही पाहिले?' आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आम्ही ज्या जीपने आलो ती त्यानेच चालवत आणली, राजूर घाट चढून.

यंदाच्या दसऱ्याला तिचे दुसरे वर्ष भरते. काम इथेच करायचे म्हणून एक लिटरची सीलबंद बाटली, नळी आणि पाना बरोबर आणला आहे. चहा झाला की लिंबाखाली या. पेडलवर तोच बसेल. चाकाशी कोणाला बसायचे असेल त्याने पांढरा सदरा काढून यावे. मागच्या डाव्या चाकापासून सुरू करू.